टिशनचे ‘बॅकस आणि अरियाडने’ पडद्यावर कसे दाखवावे

ठाण्यातील एखाद्या वाचनमंडळात किंवा सोसायटीच्या सभागृहात हे चित्र दाखवायचे असल्यास लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावरील मोठी प्रतिमा घ्यावी. इटलीतील फेराराचा ड्यूक अल्फोन्सो द'एस्ते याच्या दालनासाठी व्हेनिसचा चित्रकार टिशन याने ते १५२० ते १५२३ या काळात रंगवले. मूळ चित्र सुमारे १९१ सेंटिमीटर रुंद असल्याने पडदा शक्यतो तेवढा तरी असावा.

कथा आधी सांगू नये. प्रथम डावीकडच्या क्षितिजावरील लहानसे जहाज शोधायला सांगावे. ग्रीक पुराणकथेतील राजकन्या अरियाडने हिला टाकून तिचा प्रियकर, वीर थिसिअस, त्यातून निघून जात आहे. मग तिचा वळलेला देह आणि चित्त्यांच्या रथातून झेपावणारा मद्याचा देव बॅकस यांच्यातील नजरानजर दाखवावी, कारण सारे चित्र त्या क्षणावर तोललेले आहे. वर आकाशात आठ ताऱ्यांचा मुकुट आहे, तो तिचे पुढचे भाग्य सुचवतो. उजवीकडे बॅकसच्या साथीदारांच्या गोंधळात, वासराचे मुंडके ओढणाऱ्या बालसॅटिरकडे (अर्धा माणूस, अर्धा बोकड असलेल्या पोराकडे) मुले सर्वांआधी बोट दाखवतात, त्यांना अडवू नये. निळ्या रंगासाठी लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेले महागडे अल्ट्रामरीन वापरले आहे, म्हणून दिवे पूर्ण मालवावेत. खाली डावीकडच्या कलशावर टिशनची स्वाक्षरी आहे.