पार्किन्सन्सचं ऑनलाइन सेशन : या चुका टाळा

पार्किन्सन्स म्हणजे नुसता कंप नाही, हे सगळे मान हलवून मान्य करतात, आणि कॉल लागला की कॅमेरा हाताकडेच फिरवतात. झोप, बद्धकोष्ठता, उदासी, चक्कर... मी खोदून विचारल्याशिवाय एक शब्द नाही.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे सेशनची वेळ. ती ठरते मुलाच्या मीटिंगा बघून, गोळी बघून नाही. यात मी स्वतः आपटलोय. एक काका दर वेळी दुपारी चारला यायचे, घाबरेघुबरे, घाम पुसत, पाच वस्तूंची यादी आठवेना, आणि मी शहाणा तीन आठवडे वहीत 'स्मरणशक्ती कमी' लिहीत बसलो. मग एकदा मागे अलार्म वाजला, काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या, म्हणाल्या, "यांची चारची गोळी." म्हणजे मी माणूस कायम ऑफमध्येच, आधीच्या गोळीचा असर उतरलेला असतानाच, बघत होतो! ऑफमध्ये फक्त हातपाय आखडत नाहीत, काही जणांचा जीव घाबरतो, डोकंही चालेनासं होतं. पुढचं सेशन पाचला घेतलं तर काकांनी यादी उलटीसुद्धा म्हणून दाखवली. तेव्हापासून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी पहिली तारीखच देत नाही.

दुसरं, पेशंटच्या वतीने उत्तरं देणं. चेहरा हलत नाही, उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून बाजूचे घाईघाईने "बरे आहेत हो" म्हणून मोकळे. अहो थांबा जरा! मी प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजतो, बऱ्याचदा आठ-नऊला उत्तर येतं.

अर्धा तास बसून एकदम उभं राहू नका. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर डॉक्टरांना कळवायचं. मशीन जवळ ठेवा, घरात कुणीतरी असू द्या.

काही करावंसं न वाटणं हा आजाराचा भाग असू शकतो, आळस म्हणून ओरडू नका.

झोपेत लाथा मारणं, ओरडणं हे गंमत म्हणून सांगू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि दुसऱ्याच आठवड्यात "त्यापेक्षा एखादं मेमरी गेमचं ॲप सांगा ना" म्हणणारे, त्यांना मी आधी गोळ्यांचा कागद मागतो, तो सहसा भरलेला नसतो. बाकी गोळी मनाने मागेपुढे करू नका, सेशन हलवा, मी हलवून देतो.