घरी ऑक्सिमीटर वापरताना या चुका टाळा : आकड्याआधी नाडी पाहा

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप आणि रक्तातील ऑक्सिजन मोजू लागले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पहिल्यांदा जवळून पाहिले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत ते अनेक घरांनी विकत घेतले. आज दमेकरी, फुप्फुसांच्या जुनाट विकाराचे रुग्ण, हृदयरुग्ण आणि घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) लावणारे ज्येष्ठ यांच्यासाठी ते रोजच्या वापराची वस्तू झाले आहे. उपकरण साधे दिसते, म्हणून त्याची माहितीपत्रिका सहसा कोणी वाचत नाही. त्यातून दोन प्रकारची हानी होते. खोटा कमी आकडा पाहून घर हादरते, आणि खरा कमी आकडा 'मशीन बिघडले असेल' म्हणून सोडून दिला जातो. दुसरी हानी अर्थातच जास्त गंभीर आहे.

या चुका टाळायच्या असतील तर उपकरण आकडा कुठून आणते, हे आधी समजून घ्यावे लागते. क्लिपच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडला जातो : सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन तो जास्त शोषते, आणि पलीकडे पोहोचलेल्या दोन्ही प्रकाशांच्या प्रमाणावरून उपकरण टक्केवारी ठरवते. मात्र प्रकाश शोषणारे नुसते रक्तच नसते. त्वचा, नख, हाड आणि शिरांमधले रक्त हेही तो शोषतात. त्यातून फक्त रोहिणीतील, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या वाहिनीतील, रक्ताचा वाटा वेगळा कसा काढायचा, याचे उत्तर जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये दिले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जो भाग कमीजास्त होतो तेवढाच रोहिणीतील रक्ताचा, बाकी सारा स्थिर भाग हिशेबातून वगळायचा. म्हणजेच या उपकरणाला आधी नाडी सापडावी लागते. ती नीट सापडली नाही, तर पडद्यावर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो.

आकडा वाचण्याची घाई

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे क्लिप लावल्याबरोबर जो पहिला आकडा उमटतो तोच खरा धरणे. सुरुवातीचे काही सेकंद उपकरण नाडी शोधत असते आणि त्या काळात ते ८४, ९१, ९७ असे काहीही दाखवू शकते. रुग्णाला निदान पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली असावी, हात छातीच्या पातळीवर टेकवून सैल ठेवावा, आणि तर्जनीवर किंवा मधल्या बोटावर क्लिप लावून पूर्ण एक मिनिट वाट पाहावी. आकडा सुमारे पाच सेकंद न बदलता टिकला की तो लिहून घ्यावा. या वेळात बोलणे, हात हलवणे, खोकणे टाळावे. आकडा 'चांगला यावा' म्हणून मुद्दाम खोल श्वास घेणेही टाळावे, कारण आपल्याला रुग्णाची नेहमीची स्थिती कळायला हवी आहे.

बहुतेक उपकरणांवर आकड्यांबरोबर वरखाली होणारी एक उभी पट्टी किंवा सरकणारी तरंगरेषा असते. तिच्याकडे कोणीच पाहत नाही, आणि माझ्या मते पडद्यावरचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. तरंग एकसारखे आणि ठोक्यागणिक उमटत असतील, तर आकडा विश्वासार्ह असण्याची शक्यता मोठी असते. ते तुटक, सपाट किंवा वेडेवाकडे असतील, तर आकडा ९९ असला काय किंवा ७९ असला काय, तो धरू नये. आणखी एक सोपी पडताळणी करता येते : मनगटावरची नाडी एक मिनिट मोजावी आणि पडद्यावरच्या नाडीच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन्हींत मोठा फरक असेल, तर उपकरणाला नाडीच नीट सापडलेली नाही आणि ऑक्सिजनचा आकडाही संशयास्पद आहे. ज्यांच्या हृदयाचे ठोके मुळातच अनियमित पडतात, त्यांच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांसमोर एकदा स्वतःचे उपकरण लावून दाखवावे.

उलटा पडदा आणि अदलाबदल झालेले आकडे

ही चूक ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे मध्यरात्री रुग्णालय गाठण्याची वेळ येऊ शकते. क्लिप बोटावर लावली की पडदा कधी रुग्णाच्या दिशेने सरळ असतो, कधी समोर बसलेल्याच्या दिशेने. रेघांनी बनलेल्या आकड्यांत ९८ उलट बाजूने वाचले तर ८६ दिसते आणि ८६ उलट वाचले तर ९८ दिसते. पहिल्या वेळी उगाच धावपळ होते, दुसऱ्या वेळी धावपळ करायला हवी असताना घर निश्चिंत राहते. त्यामुळे आकड्याशेजारची अक्षरे सरळ वाचता येत आहेत का, हे आधी पाहावे. अनेक उपकरणांत बटण दाबले की पडदा फिरतो.

त्याच पडद्यावर दोन आकडे असतात, एक 'एसपीओटू' म्हणजे ऑक्सिजनची टक्केवारी आणि दुसरा 'पीआर' म्हणजे मिनिटाला नाडीचे ठोके. नाडी ८८ आणि ऑक्सिजन ९७ असताना फोनवर डॉक्टरांना 'ऑक्सिजन ८८ आहे' असे सांगितले जाते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती स्वतः मोजत असेल, तर उपकरणावर रंगीत चिकटपट्टी लावून कोणता आकडा सांगायचा ते पक्के करून ठेवावे.

गार बोट, रंगवलेले नख, लहान बोट

थंडीत, अशक्तपणात, रक्तदाब उतरलेला असताना किंवा रुग्ण घाबरलेला असताना बोटांकडे जाणारे रक्त कमी होते. बोट गार पडते, नाडीचा ठोका क्षीण होतो आणि आकडा खाली येतो किंवा येतच नाही. हात एकमेकांवर चोळावेत, कोमट पाण्यात बुडवून पूर्ण कोरडे करावेत, किंवा काही वेळ पांघरुणात ठेवावेत, आणि मग दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजावे. ज्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधला आहे त्याच हाताच्या बोटावर ऑक्सिमीटर लावू नये. पट्टा फुगला की त्या हाताची नाडी दबते आणि आकडा कोसळतो. घट्ट बांगड्या किंवा हात अंगाखाली दाबून झोपण्याची सवय यांचाही असाच परिणाम होऊ शकतो.

नखांवरचा काळा, निळा, हिरवा असा गडद रंग प्रकाशाच्या वाटेत येतो, म्हणून तो पुसूनच मोजावे. आपल्याकडे लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदीचा दाट थर असतो. साध्या लालसर मेंदीचा फरक थोडा पडतो, पण काळ्या मेंदीने आकडा बिघडू शकतो किंवा उमटतच नाही. तेव्हा न रंगवलेले बोट शोधावे, तेही नसेल तर पायाच्या अंगठ्यावर प्रयत्न करावा. नख फार वाढलेले असेल तर बोटाचे टोक क्लिपच्या आतल्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि प्रकाश बोटाला टाळून बाजूने निसटतो. हेच लहान मुलांच्या बाबतीत होते : मोठ्यांची क्लिप तान्ह्या बाळाच्या बोटावर बसतच नाही आणि ती जो आकडा दाखवते त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. मुलांसाठी वेगळ्या मापाचे उपकरण लागते.

खिडकीतून थेट पडणारे ऊन किंवा अगदी जवळचा प्रखर दिवाही अडथळा आणतो. हातावर रुमाल टाकला तरी पुरते. सेल कमी झाल्याची खूण पडद्यावर दिसत असेल तर ते बदलून मगच मोजावे, आणि उपकरण महिनोन्‌महिने वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावेत.

आकडा बरोबर, तरीही माणूस धोक्यात

इथे जरा थांबायला हवे, कारण वरच्या सगळ्या चुका टाळूनही हे उपकरण काही गोष्टी पाहू शकत नाही, आणि ते ठाऊक नसेल तर ९८ चा आकडा खोटा दिलासा देतो.

पहिली गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर बराच वेळ चालला, की हा रंगहीन, गंधहीन वायू साचतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला हे हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. परिणामी डोके दुखून, चक्कर येऊन माणूस कोसळलेला असतानाही पडद्यावर ९७ किंवा ९८ दिसू शकते. अशा वेळी आकड्याकडे पाहतच बसू नये. रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे, कारण याचे निदान रक्ताच्या वेगळ्या तपासणीतूनच होते.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. हिमोग्लोबिन ६ वर आलेल्या स्त्रीचे असलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने पूर्ण भरलेले असेल, तर आकडा ९९ येईल, पण शरीराला मिळणारा एकूण ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा ही दूरची शक्यता नव्हे. घरातील बाई जिना चढताना धापा टाकत असेल, तर ऑक्सिमीटरचा आकडा दाखवून तिला गप्प करू नये. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट त्वचेच्या रंगाची, आणि ती आपल्याला विशेष लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की ज्यांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा ९२ ते ९६ होता, अशांपैकी कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के वेळा प्रत्यक्ष रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला. म्हणजे त्वचा सावळी किंवा काळी असेल तर उपकरण खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता वाढते. त्यावर उपाय म्हणून आकड्यात मनाने वजाबाकी करू नये. स्वतःचा बरे असतानाचा आकडा माहीत असावा आणि त्यात होणारी घसरण पाहावी, हा मार्ग जास्त सुरक्षित आहे. बरे असताना ९८ दाखवणारी व्यक्ती तापात दोन दिवसांत ९४ वर आली, तर 'अजून ९४ आहे' असे म्हणून स्वस्थ बसणे योग्य नाही.

एका-दोन अंकांची भीती आणि चार अंकांची बेफिकिरी

चांगले उपकरणही दोन-चार अंकांनी चुकू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त उपकरणावर ९० दिसत असेल तर रक्तातील खरा आकडा साधारणपणे ८६ ते ९४ च्या दरम्यान असतो. म्हणून ९८ चे ९६ झाले आणि पुन्हा ९७ झाले, यावरून रात्र जागून काढण्याचे कारण नाही; निरोगी व्यक्तीचा आकडा सहसा ९५ ते १०० च्या दरम्यान असतो आणि १०० आलाच पाहिजे असे मुळीच नाही. ९० च्या आसपास मात्र चित्र बदलते. तिथून खाली रक्तातील ऑक्सिजनचा दाब थोडा जरी उतरला तरी टक्केवारी वेगाने घसरते, त्यामुळे ९२ वरून ८८ वर येणे हे ९८ वरून ९४ वर येण्यापेक्षा फार गंभीर असते.

आकडा कमी आला की पाच बोटे आलटून पालटून त्यातला सर्वांत मोठा, क्षणभर चमकून गेलेला आकडा निवडणे ही मानवी प्रवृत्ती आहे, पण ती घातक आहे. त्याऐवजी तेच उपकरण घरातील निरोगी व्यक्तीच्या बोटाला लावावे. तिथे ९७ किंवा ९८ स्थिर दिसत असेल, तर उपकरण बहुधा ठीक आहे आणि रुग्णाचा कमी आकडा खरा असू शकतो. रुग्णाचे बोट उबदार करून, तरंग पाहून पुन्हा मोजावे. जानेवारी २०२२ च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या गृहविलगीकरण सूचनांत एका तासात किमान तीन वेळा मोजून आकडा ९३ किंवा त्याखाली असेल तर वैद्यकीय मदत घ्यावी, असे सांगितले होते. आकडा ९० च्या खाली स्थिर असेल तर मात्र पुन्हा पुन्हा मोजण्यात तास घालवू नये.

विश्रांतीच्या वेळी आकडा चांगला, पण चालले की घसरतो, हे कोविडच्या काळात पुष्कळदा दिसले. त्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने २०२१ मध्ये सहा मिनिटे चालण्याची चाचणी सुचवली होती : घरातल्या सपाट जमिनीवर मध्यम गतीने चालावे, पायऱ्यांवर नाही, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालेल, आणि चालल्यानंतर आकडा ९३ च्या खाली गेला, तीन अंकांपेक्षा जास्त उतरला किंवा धाप लागली तर रुग्णालय गाठावे. ही चाचणी एकट्याने करू नये, आणि बसल्याबसल्याच दम लागत असलेल्यांनी किंवा दमेकऱ्यांनी ती करूच नये.

फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हीच मर्यादा ठरवून देतात. अशा रुग्णाचा आकडा ९० पाहून नातेवाईक कॉन्सन्ट्रेटरचा प्रवाह स्वतःच वाढवतात, आणि त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्णाला गुंगी येऊ शकते. ऑक्सिमीटर ती वाढ दाखवत नाही. प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टरांच्या लेखी सूचनेप्रमाणेच ठरावे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणाऱ्या ॲपवर आजारपणात विसंबू नये.

नोंदवहीत तारीख, वेळ, ऑक्सिजन, नाडी, मिनिटाला श्वास किती, रुग्ण बसलेला होता की चालून आला होता, आणि कॉन्सन्ट्रेटर चालू असल्यास किती लिटरवर, एवढे लिहावे. डॉक्टरांना फोन करताना हीच ओळ वाचून दाखवावी, कारण 'ऑक्सिजन ९४' आणि 'दोन लिटर ऑक्सिजनवर ९४' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ओठ किंवा नखे निळसर पडली, वाक्य पूर्ण करण्याआधी दम तुटू लागला, छातीत दुखू लागले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर पडद्यावर कोणताही आकडा असो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.