सिन्नरला निघण्याआधी: ड्रायव्हर कंपाइल करायच्या कामाची तयारी

सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या लेथवर लिनक्स-सीएनसी (पीसीवरून लेथ चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेलं आहे. त्या पीसीत नवं सिरियल कार्ड टाकायचं, ड्रायव्हर कंपाइल करायचा (सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवायची) आणि चहा पिऊन परत यायचं, एवढ्या हिशेबाने मी सिडकोतून निघालो होतो. त्या एका कार्डासाठी मोहदरी घाट तीनदा चढलो. पहिल्या दिवशी ‘मेक’ (कंपाइल करवणारी कमांड) मारला आणि पहिल्याच ओळीत ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं. तिथे नेट नाही, पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला एक दांडी कशीबशी. दुसऱ्या दिवशी हेडर (कंपाइल करताना लागणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या फाइली) घेऊन गेलो, ते भलत्याच कर्नलचे निघाले. तिसऱ्या दिवशी काम वीस मिनिटांत झालं. मालकांनी तेव्हा विचारलं, “मग आधीचे दोन दिवस काय करत होतात?” त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून अशा कामाला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी जे बघून ठेवतो, ते असं.

पहिली गोष्ट, कंपाइल करायची गरज आहे का हेच आधी बघायचं. कार्डाच्या खोक्यात सीडी आहे म्हणून ड्रायव्हर बनवलाच पाहिजे असं नाही. ‘एलएसपीसीआय -एनएन’ मारून कार्डाचा चार-चार अंकी आयडी मिळवा, यूएसबी असेल तर ‘एलएसयूएसबी’. बऱ्याच सिरियल कार्डांचा आणि जवळजवळ सगळ्या नेहमीच्या यूएसबी-सिरियल केबलींचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो. एमजी रोडवर मिळणाऱ्या स्वस्त केबलींत सापडणारी सीएच-३४० चिप घ्या, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ‘सीएच-३४१’ या नावाने आहे. तरी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ वर ही केबल लावली की पोर्ट दिसतो आणि लगेच गायब होतो. याचं कारण बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम. तो अंधांच्या ब्रेल पट्टीसाठी असतो आणि या चिपचा आयडी बघून केबलीला आपलीच पट्टी समजून ताब्यात घेतो. त्या मशीनवर ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर तो काढून टाका, पोर्ट जागेवर राहतो. पोर्ट दिसतोय पण उघडत नसेल तर युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये आहे का बघा. या दोन कारणांपायी लोक तासन् तास ड्रायव्हर कंपाइल करत बसलेले मी पाहिले आहेत.

गरज आहेच असं ठरलं, की पुढची आणि माझ्या मते निम्मी तयारी म्हणजे कर्नलचं पूर्ण नाव. तिथल्या ऑपरेटरला फोन करून ‘युनेम -आर’ मारायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो मागवा. तोंडी नको. फोनवर ऑपरेटर म्हणाला होता, “सहा पॉइंट एक पॉइंट शून्य, बावीस”, आणि मी तेवढंच लिहून घेतलं. खरं नाव होतं ६.१.०-२२-आरटी-एएमडी६४. लिनक्स-सीएनसीला वेळेवर पल्स सोडायचे असतात, म्हणून तिथे डेबियनचा (हाही लिनक्सचाच प्रकार) रिअल-टाइम कर्नल चालतो आणि तो ‘आरटी’ नावाच्या मधोमध बसतो. मी आणले होते साध्या ६.१.०-२२-एएमडी६४ चे हेडर. नंबर तोच असल्याने डोळ्यांना सगळं जुळल्यासारखं वाटतं. मेक पुन्हा त्याच ओळीवर अडला, कारण तो चालू कर्नलच्या नावाचं फोल्डर शोधतो, हेडर शोधत नाही.

हे फोल्डर नेमकं कुठे शोधलं जातं ते माहीत असेल तर निम्मा घोळ तिथेच संपतो. ‘लिब’ फोल्डरात ‘मॉड्यूल्स’, त्यात कर्नलच्या पूर्ण नावाचं फोल्डर आणि त्यात ‘बिल्ड’ नावाची लिंक. ही लिंक ‘यूएसआर’मधल्या ‘एसआरसी’त ठेवलेल्या हेडरच्या फोल्डराकडे बोट दाखवते. हेडर नसतील तर कधी लिंकच नसते, कधी लिंक असते पण पलीकडे काही नसतं. डेबियन-उबुंटूच्या टर्मिनलवर ‘एलएस’ अशी तुटकी लिंक लाल दाखवतो, म्हणून त्या फोल्डराचाही फोटो मागवा. सोबत ‘बूट’ फोल्डरातल्या फाइलींची यादी. कर्नल पाठीमागून अपडेट झालेला असतो आणि मशीन रीबूट झालेलं नसतं. मग ‘ताजे हेडर द्या’ म्हटलं की येतात नव्या कर्नलचे, आणि चालू असतो जुना. तसं दिसलं तर हेडर शोधण्याआधी एकदा रीबूट करून घ्यायला सांगा, अर्थात लेथवर जॉब (घडवायचा तुकडा) लागलेला नसताना.

काही जण इथे शॉर्टकट मारतात: जवळपासच्या कर्नलचे हेडर घ्यायचे, लिंक तिकडे वळवायची आणि मॉड्यूल (कंपाइल झालेला ड्रायव्हर) जबरदस्तीने लोड करायचं. लेथवर हे करू नका. मॉड्यूलमध्ये ‘व्हर्जन मॅजिक’ नावाची ओळ असते, ती कर्नलशी जुळली नाही तर कर्नल मॉड्यूल नाकारतो. ती अडवणूक उगाच नाही. रिअल-टाइम कर्नलमध्ये लॉकची रचनाच वेगळी, त्यामुळे आतल्या स्ट्रक्चरांचे आकार बदलतात. साध्या हेडरवर बनलेलं मॉड्यूल चुकीच्या जागी लिहितं आणि पीसी अडकतो तो टूल जॉबमध्ये असताना.

नाव हातात आलं की पॅकेज, म्हणजे हेडर बसवायची फाइल. मी इथेही एकदा फसलो आहे. डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स’ आणि पुढे कर्नलचं नाव, या एका फाइलीने काम होत नाही. तिच्यासोबत ‘कॉमन’ हेडरचं पॅकेज लागतं (रिअल-टाइमला ‘कॉमन-आरटी’), ‘लिनक्स-केबिल्ड’ लागतं आणि डेबियन १२ वर ‘लिनक्स-कंपायलर-जीसीसी-१२’ही लागतं. उबुंटूमध्ये जोडी असते, एक शेपटीशिवाय, एक शेवटी ‘जेनेरिक’ लावलेली. जोडीतलं एकच पेनड्राइव्हवर नेलंत तर परतीचा टोल आलाच. घरच्या मशीनवर ‘अ‍ॅप्ट-गेट डाउनलोड’ मारलं तर फक्त नाव घेतलेली फाइल येते, बाकी नाही. ‘इन्स्टॉल’ला ‘डाउनलोड-ओन्ली’ लावलं तर लागणारं सगळं येतं, पण त्यातही मेख आहे: तुमच्या मशीनवर जे आधीच बसलेलं आहे ते तो पुन्हा आणत नाही. म्हणून मी व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच डेबियन कोरी बसवतो आणि तिथे डाउनलोड करतो. ‘व्हार’च्या ‘कॅश’मध्ये ‘अ‍ॅप्ट’चं ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डर भरतं, ते अख्खं उचलतो. त्याच फेरीत ‘बिल्ड-इसेन्शियल’ही मागवून घेतो, कारण वर्कशॉपच्या पीसीवर जीसीसी आणि मेक असतीलच असं धरून चालत नाही.

जुन्या कर्नलचे हेडर कधी कधी मिळतच नाहीत. डेबियन नवा कर्नल काढते तेव्हा आधीच्या नंबरचं पॅकेज नेहमीच्या साठ्यातून निघून जातं आणि ‘पॅकेज सापडत नाही’ असं उत्तर येतं. घाबरायचं नाही. डेबियनची ‘स्नॅपशॉट’ सेवा जुन्या पॅकेजांच्या तारखेनिशी प्रती सांभाळते, तिथून तो नंबर उचलता येतो. मूळ कर्नलचा सोर्स आणून त्यावर काम भागवायचा मोह मात्र टाळा. त्यात ‘ऑटोकॉन्फ.एच’ ही फाइल नसते, कारण ती कॉन्फिगरेशनमधून तयार होते. ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ने ती बनवता येते, पण डिस्ट्रोचं (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराचं) कॉन्फिगरेशन आणि सिम्बॉलांची यादी त्या सोर्समध्ये नसते, आणि मॉड्यूल पुन्हा दारातच अडतं.

फेडोरा डिस्ट्रोवाल्यांसाठी एकच ओळ: तुम्हाला ‘कर्नल-डेव्हल’ हवं आहे, ‘कर्नल-हेडर्स’ नाही. दुसरं साध्या प्रोग्रॅमांसाठी असतं आणि नावामुळे सगळे तेच बसवतात. द्राक्षबागेत हवामानाचे सेन्सर लावलेले रास्पबेरी पाय (छोटे कॉम्प्युटर) असतील तर तिथला घोळ निराळा. ३२ बिटची ओएस टाकली तरी पाय ४ वर अलीकडे कर्नल ६४ बिटचा उठतो, आणि ३२ बिटचे हेडर त्याला जुळत नाहीत. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एआरएम_६४बिट=०’ लिहून रीबूट करा, किंवा सरळ ६४ बिटची ओएस टाका. मी दुसरं सुचवेन.

आता एररची ओळ नीट वाचायची सवय. ‘फाइल नाही’ हे तीन निरनिराळ्या दुखण्यांचं एकच लक्षण आहे. ‘बिल्ड’ फोल्डरच नाही असं मेक सांगत असेल तर वरचं सगळं प्रकरण. एखादीच फाइल मिळत नसेल आणि तिच्या नावाआधी ‘लिनक्स’ किंवा ‘एएसएम’ असेल, तर हेडर आहेत पण ड्रायव्हर म्हातारा झाला आहे. कर्नलची मंडळी फाइली हलवत असतात. ‘एएसएम/सिस्टीम.एच’ २०१२ मध्ये कर्नल ३.४ पासून गेली. २०१७ मध्ये ४.११ ला ‘शेड.एच’ फोडून तिचे तुकडे ‘शेड’ नावाच्या फोल्डरात गेले. २०२४ च्या ६.१२ मध्ये ‘एएसएम/अनअलाइन्ड.एच’ उठून ‘लिनक्स’ फोल्डरात गेली. डेबियन १३ चा कर्नल ६.१२ च आहे, त्यामुळे १२ वर मुकाट कंपाइल होणारा ड्रायव्हर १३ वर एका ओळीसाठी अडतो. अशा वेळी हेडर पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही. सोर्समधली ती ओळ बदलावी लागते, शक्यतो कर्नलचा नंबर तपासणाऱ्या अटीत गुंडाळून, म्हणजे जुन्या मशीनवरही तोच सोर्स चालेल. सीडीतला सोर्स टाकून कार्डवाल्यांच्या साइटवरची ताजी आवृत्ती घ्या हा सल्ला खरा, पण काही कार्डांना साइटच नसते. तिसरा प्रकार सोपा. ‘लिबयूएसबी.एच’, ‘लिबयूडेव्ह.एच’, ‘कर्सेस.एच’ अशी नावं दिसली तर ती कर्नलची नाहीत. ड्रायव्हरसोबत आलेल्या सेटिंगच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची आहेत, आणि त्यांची ‘डेव्ह’ने संपणारी पॅकेजं हवीत. कुठली फाइल कुठल्या पॅकेजात आहे हे ‘अ‍ॅप्ट-फाइल’ सांगतो. घरीच विचारून ठेवा.

पेनड्राइव्हवर सोर्स सुटा कॉपी करू नका, टार करून (एका फाइलीत बांधून) न्या. पेनड्राइव्ह बहुधा फॅट नावाच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) टिकत नाहीत. शिवाय लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही राहत नाही. कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्कच्या भागात ‘एक्सटी_मार्क.एच’ या नावाच्या दोन फाइली आहेत, एकीत ‘मार्क’ लहान अक्षरांत, दुसरीत मोठ्या. फॅटवर सोडल्या की एक दुसरीला खाते आणि हेडर खरोखरच गायब होतो. टार मशीनच्या डिस्कवर न्या, तिथे सोडवा, आणि ज्या फोल्डरात सोडवाल त्याच्या नावात स्पेस ठेवू नका. ‘न्यू फोल्डर’मध्ये मेक अडखळतो.

पिशवीत सीआर २०३२ ची एक बटण-बॅटरी टाका. हसू नका. जुन्या पीसीची ती संपलेली असते, घड्याळ मागे पडतं, मग मेक ‘क्लॉक स्क्यू’ म्हणून कुरकुर करतो आणि फाइली भविष्यातल्या समजून काही बनवायच्या तशाच सोडतो. निदान ‘डेट’ मारून तारीख तरी आधी बघा.

सिक्युअर बूट चालू आहे का हेही फोनवरच विचारा. चालू असेल तर कंपाइल झालेलं मॉड्यूलही सही नसल्यामुळे नाकारलं जातं. ‘एमओके-युटिल’ने किल्ली नोंदवायची तर रीबूटच्या वेळी निळ्या स्क्रीनवर पासवर्ड द्यावा लागतो, म्हणजे मशीनला कीबोर्ड आणि मॉनिटर हवा. बायोसला पासवर्ड असेल तर तो कुणाकडे आहे तेही विचारा. बहुतेक वेळा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो.

एवढं झालं की घरीच कंपाइल करून बघा. त्यासाठी तो कर्नल चालू असावा लागत नाही, हेडर बसलेले पुरतात. फक्त बऱ्याच मेकफाइलींत ‘युनेम -आर’ कोरून ठेवलेलं असतं, त्यामुळे घरी मेक मारला की तो घरच्याच कर्नलसाठी बनवतो आणि आपण खूश होतो. हेडरचं फोल्डर ‘मेक -सी’ने हाताने द्या आणि बनलेल्या मॉड्यूलवर ‘मॉडइन्फो’ मारून व्हर्जन मॅजिक फोटोतल्या नावाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. जुळलं तर उद्याचं काम झाल्यात जमा.

तिथे पोचल्यावर ड्रायव्हर ‘डीकेएमएस’मध्ये (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवणाऱ्या सोयीत) नोंदवा, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा फोन येईल. नोंदवणार असाल तर ‘लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४’ हे नंबर नसलेलं पॅकेजही बसवा, म्हणजे नव्या कर्नलसोबत त्याचे हेडर आपोआप येतील. नेटच नसलेल्या मशीनवर मी याच्या उलट करतो: ‘अ‍ॅप्ट-मार्क होल्ड’ लावून कर्नल आहे तिथेच थांबवतो. जुना कर्नल ग्रबमधून (मशीन चालू होतानाच्या कर्नलांच्या यादीतून) काढायचा नाही. निघण्याआधी मशीन पूर्ण बंद करून, मेन स्विच पाडून, पुन्हा चालू करायचं आणि पोर्टवरून एक छोटा प्रोग्रॅम पाठवून बघायचा. मग पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने कर्नलचं पूर्ण नाव, ‘आरटी’सकट, आणि तारीख. मालकांना तेव्हाच सांगून ठेवायचं की पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा आधी हे दार उघडा.