अल्टोचा ब्लोअर: त्याची मोटार विकत आणण्याआधी आणि नंतर

करूळ घाटात जुलैच्या पावसात काच आतून धुरकटली की काय करायचं, ते मला ठाऊक होतं. एसी लावायचा, थोडा हीटर द्यायचा आणि वारा काचेकडे वळवायचा. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच गरम करतो, दोन मिनिटांत रस्ता दिसतो. पण वारा फेकणारा ब्लोअरच मेला होता. शेजारी बसलेली आई पदराने काच पुसत होती आणि तिने पुसलेल्या वीतभर जागेतून बघत मी गगनबावड्यापासून वैभववाडीपर्यंत गाडी उतरवली. घरी पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, "परत एसटीने ये गो."

गाडी २००७ची अल्टो. कोल्हापुरात एका गॅरेजवाल्याने ऐकूनच सांगितलं, "मॅडम, डॅशबोर्ड उतरवावा लागतोय, साडेचार हजार धरून चला." मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. तपासणीच्या आधी आलेला खर्चाचा आकडा मला पटत नाही, म्हणून त्या रविवारी मीच गाडीखाली... म्हणजे डॅशबोर्डखाली शिरले. डॅशबोर्ड उतरवायची गरज नव्हती. डाव्या सीटपुढे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे-खाली ब्लोअरची मोटार उलटी टांगलेली असते, तीन स्क्रूंवर. जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच अशाच असतात, पण तुमच्या गाडीत आधी वाकून बघा.

मोटार काढणं सोपं, ती गेलीय की नाही हे ठरवणं अवघड. तिथे घाई करू नका.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल तर मोटार ठणठणीत आहे, रेझिस्टर (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग) जळलाय. खालच्या स्पीडना करंट रेझिस्टरमधून जातो आणि फुलवर थेट, म्हणून फुल तेवढं शिल्लक राहतं. रेझिस्टर मोटारीपेक्षा स्वस्त असतो आणि बहुतेक गाड्यांत दोन स्क्रूंत निघतो. मात्र तो बदलताना मोटारीचा पंखा हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर मोटार जास्त करंट ओढतेय आणि नवा रेझिस्टरही तीच जाळणार.

सकाळी चिवचिव करतो आणि गरम झाल्यावर गप्प बसतो, तर बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडलाय. खडखड येत असेल तर पंख्यात पान किंवा काडी अडकलीय. खड्ड्यात गाडी आदळली की सुरू होतो आणि मनाला येईल तेव्हा थांबतो, तर ब्रश, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते ठोकळे, झिजलेत. हे तपासायची जुनी युक्ती अशी: चावी ऑन, स्पीड फुल, आणि मोटारीच्या बुडावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकायचं. माझी तिसऱ्या ठोक्याला घरघरून सुरू झाली.

कुठल्याच स्पीडला हूं की चूं नसेल तर आधी फ्यूज बघा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घालून "चालवून बघू" म्हणणाऱ्यांच्या गाड्यांत वितळलेलं वायरिंग मी पाहिलंय. फ्यूज चांगला असेल तर मोटारीचा कपलर (वायरींची जोडणी) काढा आणि त्याच्या दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजायचा मीटर लावा. चावी ऑन, स्पीड फुल. एक प्रोब बॉडीला लावून मोजू नका, कारण बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह मोटारीला कायम मिळतो आणि स्विच निगेटिव्हच्या बाजूला असतो. बॉडीशी मोजलं तर १२ व्होल्ट दिसणारच, पण स्विच मेलेला असला तरी ते कळणार नाही.

मी पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवते तीच मेख इथेही आहे. दोन पिनांमध्ये १२ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय चांगलाच, असं नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या, काळ्या पडलेल्या पिनेतूनही मीटरला १२ व्होल्ट मिळतात, पण मोटारीचे अँपिअर त्यातून जात नाहीत. म्हणून तिथे हेडलाइटचा जुना बल्ब लावून बघा. ५५ वॅटची फिलामेंट साडेचार अँपिअर ओढते. बल्ब लखलखीत पेटला तर सप्लाय खरा आणि मोटार गेली. मिणमिणला तर कपलर उलटा करून पिना बघा. तपकिरी डाग, फुगलेलं प्लास्टिक, नाकाला जळका वास. अशा वेळी मोटार न बदलता पिना बदलायच्या. बल्ब एखादं मिनिटच लावा, काच भाजते.

माझा बल्ब लखलखीत पेटला. मोटारच गेली होती.

आता कबुलीजबाब. मी तेव्हा नवी मोटार आणली नाही. मोटार उघडली, ब्रश नखाएवढे उरले होते, आणि मी वायरमन बाई असल्याच्या गुर्मीत मिक्सरचे ब्रश कानशीने घासून बसवले. ब्लोअर चालला, पण दम्याच्या पेशंटसारखा, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा बंद. चूक माझी होती. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, त्याचा ब्रश नुसत्या कार्बनचा, रोध जास्त. १२ व्होल्टच्या मोटारीचे ब्रश तांब्याची पूड मिसळलेले असतात. घासून उजेडात धरलात तर तांबूस झाक दिसते. बरोबर जातीचा ब्रश मिळाला आणि कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलावर) खोल चर नसेल तरच हा उद्योग करा. माझ्या मोटारीत चर होती. शेवटी पंख्यासकट नवी मोटार साडेबाराशेत आणली.

काढण्याची पद्धत. बॅटरीचा निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडवा. डावी सीट पूर्ण मागे घ्या, ग्लव्ह बॉक्स रिकामा करून उतरवा, पाठीखाली जुनी सतरंजी घाला आणि डोकं पाय ठेवायच्या जागेत घाला. कपलरची जीभ दाबूनच ओढा, वायर धरून नाही. मोटारीला एक बारीक रबरी नळी असेल तर ती सोडवा. दोन स्क्रू लगेच येतात. तिसरा इंजिनच्या बाजूला असतो, तो दिसत नाही, बोटाने चाचपायचा, आणि त्याला बुटका स्क्रू ड्रायव्हरच लागतो. माझा सगळा अर्धा तास त्या एका स्क्रूने खाल्ला.

शेवटचा स्क्रू सुटायच्या आधी गॉगल आणि मास्क घाला. मी घातला नव्हता. मोटार खाली आली आणि तिच्यामागून कडुलिंबाची वाळकी पानं, शेंगदाण्याची टरफलं, कुरतडलेला फोम आणि उंदराच्या लेंड्या थेट तोंडावर आल्या. या गाडीला केबिन फिल्टर नाही, त्यामुळे वायपरखालच्या जाळीतून जे येईल ते सरळ ब्लोअरमध्ये पडतं. ती घाण झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून काढा. पंख्याच्या वरच्या पोकळीत हात घालून कोपरेही चाचपा. एक काडी राहिली तरी नवी मोटार खडखडणार.

नवी मोटार बसवण्याआधी जुनीच्या शेजारी ठेवून बघा: पंख्याची उंची, स्क्रूची भोकं, कपलर. पात्यांवर एखादी बारीक पत्र्याची क्लिप दिसेल. ती तोल साधायला लावलेली असते, कचरा समजून काढू नका. मग हातात घट्ट धरून फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीवर फिरवा. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, सुरू होताना ती मनगटाला झटका देते.

फिरते म्हणून खूश होऊ नका, कुठल्या बाजूला फिरते ते बघा. माझ्या नव्या मोटारीच्या कपलरमधल्या दोन पिना उलट आल्या होत्या. ते लक्षात न येता मी सगळं बसवलं, ग्लव्ह बॉक्ससुद्धा. आवाज झकास आणि वारा मात्र फुंकर मारल्यासारखा. तासभर मी हवेचा डक्ट कुठे निसटला ते शोधत होते. हा ड्रमसारखा जाळीदार पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त नीट फेकत नाही, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही. शेवटी मोबाईलच्या उजेडात जुनी आणि नवी शेजारी धरली तेव्हा वायरींचे रंग अदलाबदल झालेले दिसले. पिना बाहेर काढून बदलायला पाच मिनिटं लागली. तो तिसरा स्क्रू मात्र पुन्हा काढावा लागला.

बसवताना कडेचा फोम किंवा रबर जागेवर आहे ना ते बघा, नाहीतर हवा पायापाशीच गळते. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, हाताला टेकले की थांबा. ती रबरी नळी परत लावायला विसरू नका. ब्लोअरचीच थोडी हवा तिच्यातून मोटारीच्या पोटात जाऊन तिला गार ठेवते, आणि "काय करायचीय ती" म्हणून लोक सोडून देतात ती हीच. त्यानंतर बॅटरी जोडा, एकेक स्पीड दोन-दोन मिनिटं चालवा, आणि कपलरला हात लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर पिना सैल आहेत, तशीच गाडी वापरू नका.

आता झाडाखाली गाडी लावायची असेल तर मी हवेचा खटका आतल्या हवेवर ठेवते, पानं निदान मोटारीपर्यंत पोचत नाहीत. उंदराचं मात्र जमलेलं नाही. डांबरगोळ्या ठेवल्या तर आई गाडीत बसत नाही.