अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकावर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

जागतिक इतिहासाच्या पेपरात अमेरिकेवर प्रश्न आला की बहुतेक उत्तरं तीन खणांत विभागलेली दिसतात. एकात लुईझियाना, टेक्सास, कॅलिफोर्निया. दुसऱ्यात लिंकन आणि यादवी युद्ध. तिसऱ्यात रेल्वे, पोलाद आणि रॉकफेलर. क्लासच्या नोट्सच तशा असतात, त्यामुळे दोष सगळा विद्यार्थ्यांचा नाही. पण हे तिन्ही खण एकाच भांडणातून भरलेले आहेत: नव्याने हाती आलेली जमीन कसायची कोणी, गुलामांनी की मोकळ्या माणसांनी? हा प्रश्न बाजूला ठेवून लिहिलं की सगळी सनं बरोबर असूनही उत्तर फसतं.

‘यंत्र आलं, म्हणून गुलामगिरी कमी होऊ लागली’

ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, घडलं मात्र उलटं. 1793 मध्ये एली व्हिटनीने कॉटन जिन तयार केलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला जिनिंग समजावून सांगायला नको. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हाताने काढायची तर एका माणसाचा अख्खा दिवस जेमतेम अर्धा किलो रुईत जायचा. ती अडचण जिनने दूर केली. पण पेरणी, खुरपणी, वेचणी हातानेच राहिली. त्यामुळे कापूस जितका जास्त पिकवता येईल तितका विकला जाऊ लागला आणि पिकवायला माणसं हवी होती. 1790 मध्ये सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळपास 40 लाख.

जमीनही हवी होती. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इथल्या उत्तम कापसाच्या जमिनींवर चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ हे लोक राहत होते. म्हणून त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवणारा 1830 चा इंडियन रिमूव्हल कायदा ‘आदिवासींचे प्रश्न’ अशा वेगळ्या मथळ्याखाली ढकलू नका, तो कापसाशेजारीच लिहा. इथे आणखी एक हमखास चूक होते. कायदा अँड्र्यू जॅक्सनचा, पण 1838 मध्ये लष्कर लावून चेरोकींना हाकललं तेव्हा अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन होता. सोळा हजारांतले सुमारे चार हजार त्यात मेले असा अंदाज दिला जातो. आणि ‘मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच अंमल करावा’ हे सरन्यायाधीश जॉन मार्शलबद्दल जॅक्सनच्या नावावर खपणारं वाक्य कृपा करून अवतरणचिन्हांत टाकू नका. तो असं बोलल्याचा भरवशाचा पुरावा नाही. 1832 चा वॉर्सेस्टर खटला चेरोकींच्या बाजूने लागला आणि तरी त्यांची जमीन गेली, एवढं लिहिलंत तरी पुरे.

‘उत्तर औद्योगिक, दक्षिण शेतीप्रधान’ ही ओळसुद्धा जपून वापरा. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या कापसावरच चालायच्या.

‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं’, ‘युद्ध जकातीवरून झालं’

दक्षिण कॅरोलायना 20 डिसेंबर 1860 ला संघराज्यातून बाहेर पडलं आणि चार दिवसांनी त्याची कारणं लेखी जाहीर केली. त्यात तक्रार काय आहे पाहा: उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, न्यूयॉर्कमध्ये तर गुलामाला बरोबर घेऊन नुसता प्रवाससुद्धा करू देत नाहीत. म्हणजे न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत आपला हक्क बजावला, याचाच राग. जकातीचं म्हणाल तर मॉरिल जकात कायदा झाला 2 मार्च 1861 ला. तोपर्यंत सात राज्यं बाहेर पडून आपलं वेगळं सरकारही मांडून बसली होती.

याची दुसरी बाजूही तितकीच चुकते. 1860 चा लिंकन ‘गुलामगिरी नष्ट करीन’ म्हणून निवडून आला नव्हता. 1854 मध्ये जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षाचं म्हणणं होतं की ती नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही. मिसुरी तडजोड (1820), 1850 ची तडजोड, कॅन्सस-नेब्रास्का कायदा (1854), ड्रेड स्कॉट निकाल (1857) ही यादी पाठ असते, पण चारही ठिकाणी वाद गुलामगिरीच्या विस्ताराचाच आहे हे लिहायचं राहून जातं. आणि आजचे रिपब्लिकन-डेमोक्रॅट डोक्यात ठेवून तेव्हाचे वाचू नका. नावं तीच राहिली, माणसं आणि मतं पार बदलली.

‘1 जानेवारी 1863 ला सगळे गुलाम मुक्त झाले’

सर्वात जास्त दिसणारी चूक. मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी या संघराज्यात राहिलेल्या गुलामराज्यांना नाही. मूळ मजकूर एकदा वाचाच. काव्यबिव्य काही नाही, सरकारी परिपत्रकासारखी वगळलेल्या भागांची यादी आहे: न्यू ऑर्लीन्स धरून लुईझियानातल्या 13 परगण्यांची नावं, वेस्ट व्हर्जिनियातल्या 48 काउंट्या, शिवाय व्हर्जिनियातल्याही काही. बंडखोर राज्यांच्या यादीत टेनेसीचं तर नावच नाही. लिंकनने अध्यक्ष म्हणून नव्हे, सेनापती म्हणून युद्धाचा उपाय केला होता, म्हणून जिथे युद्ध चालू तिथेच त्याला तो करता आला.

पण म्हणून ‘तो नुसता कागद होता’ असं लिहिलंत तर तीही चूकच. संघराज्याचं सैन्य पुढे सरकेल तिथे मुक्ती कायद्याने पोहोचत होती आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाटही त्याच कागदाने मोकळी केली. देशभर गुलामगिरी संपवली ती डिसेंबर 1865 मध्ये मंजूर झालेल्या 13व्या घटनादुरुस्तीने.

‘औद्योगिक विकास युद्धानंतर सुरू झाला’

ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी 1790 पासूनची, ईरी कालवा 1825 चा. पण याहून महत्त्वाचं म्हणजे 1862 हे वर्ष. 20 मे ला होमस्टेड कायदा (160 एकर जमीन कसणाऱ्याला), 1 जुलैला पॅसिफिक रेल्वे कायदा, 2 जुलैला शेती-तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांना जमिनी देणारा मॉरिल कायदा. ऐन युद्धात सहा आठवड्यांत हे कसं जमलं? आधी अडवणारे दक्षिणेचे सभासद काँग्रेस (अमेरिकेची संसद) सोडून गेले होते. होमस्टेड आणि महाविद्यालयांची विधेयकं त्याआधी अध्यक्ष ब्युकॅनननेच परत पाठवली होती. रेल्वे तर उत्तरेकडून न्यायची की दक्षिणेकडून, यावर अडून बसली होती. 1853 मध्ये मेक्सिकोकडून गॅड्सडेनचा पट्टा घेतला तो दक्षिणेच्या मार्गासाठी आणि कॅन्सस-नेब्रास्का कायद्यामागे इलिनॉयचा सिनेटर डग्लसची शिकागोहून निघणाऱ्या रेल्वेची ओढ होतीच. विस्तार, राजकारण आणि उद्योग एकाच परिच्छेदात दाखवायचे असतील तर 1862 घ्या. 10 मे 1869 ला प्रॉमंटरीला रूळ जुळले ते पॅसिफिक रेल्वे कायद्याने, आणि पश्चिमेकडचं काम करणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. 1882 चा चिनी प्रवेशबंदी कायदा लिहिताना हा संदर्भ हाताशी ठेवा.

जाता जाता दोन नावांचे घोळ. 1862 चा होमस्टेड कायदा आणि 1892 चा होमस्टेड संप यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसरं होमस्टेड म्हणजे पिट्सबर्गजवळचं कार्नेगीच्या पोलाद कारखान्याचं गाव. तसेच शर्मन दोन: अटलांटा घेणारा सेनापती विल्यम आणि 1890 च्या ट्रस्टविरोधी कायद्याला ज्याचं नाव आहे तो त्याचा भाऊ, सिनेटर जॉन. तो कायदा ट्रस्टवर (मक्तेदारी करणाऱ्या कंपन्यांच्या गटांवर) पडायच्या आधी कामगारांवर पडला. 1894 च्या रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात खालच्या न्यायालयाने त्याच्याच आधारे मनाईहुकूम काढला. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे व्हायला 1911 उजाडलं.

महाराष्ट्राचा धागा जोडताना

‘अमेरिकन युद्धामुळे मुंबईत गिरण्या निघाल्या’ हे लिहू नका. कावसजी दावरांनी पहिली गिरणी 1854 मध्येच काढली होती. युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव भडकले, पैसा आला आणि तो समुद्रात भराव घालून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबेसारख्या कंपन्यांच्या शेअरांत गेला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती लीने शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि 1 जुलैला वायद्यांची देणी चुकवायची वेळ आली तेव्हा सटोडिये बुडाले. अमेरिकेचा कापूस पुन्हा लँकेशायरच्या बाजारात आला तो मुंबईच्या कापसापेक्षा लांब धाग्याच्या जोरावर.

आणि जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिंकनला अर्पण केली, असंही वाचायला मिळतं. ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. साल लक्षात घ्या: 1873. लिंकनला जाऊन आठ वर्षं झाली होती आणि दक्षिणेच्या पुनर्रचनेचा (युद्धानंतर तिला संघराज्यात पुन्हा सामावून घेण्याचा) काळ अजून चालू होता. 1870 मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर निवडून आले होते. दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं ते 1877 मध्ये. त्यानंतर काय झालं ते फुल्यांच्या अर्पणपत्रिकेवर टीका म्हणून लिहायचं नसतं, वेगळ्या परिच्छेदात लिहायचं असतं.