जुन्या मिनीबसच्या फॅन क्लचची वायरिंग

मे महिना, भर दुपार, धारूरचा घाट. आमच्या घर करून घेतलेल्या जुन्या मिनीबसचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. रेडिएटरच्या फॅनला फिरवणाऱ्या क्लचच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला तर झक्क पेटतोय, पण फॅन फिरायला तयार नाही. खोट निघाली अर्थिंगमध्ये. आधी कुणीतरी अर्थच्या वायरीच्या टोकाचं थिंबल रंगाच्या थरावरच आवळलं होतं. त्या सुट्टीत सगळी वायरिंग नव्याने केली, ती अशी.

या क्लचमध्ये कॉइल असते. तिला करंट मिळाला की चकती खेचली जाते आणि फॅन पुलीबरोबर फिरतो. करंट तुटला की फॅन मोकळा.

इंजिन गार असताना बॅटरीची मायनस वायर काढा. गाडी १२ व्होल्टची की २४ ची हे बघूनच रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. मग मल्टीमीटरने कॉइलचे ओहम मोजा. आमची ३ ओहम भरली. १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. त्याला ७.५ चा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालायचा नाही. तसं केलं तर फ्यूज राहतो आणि वायर जळते.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ वरून वायर कॉइलकडे, आणि कॉइलची दुसरी वायर अर्थला. अर्थची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, थिंबल आवळा, वरून ग्रीस लावा. पंधरा मिनिटांचं काम, पण आमचा घाट याच्यापायीच अडला होता.

८६ ला चावीनंतरचा करंट, लहान फ्यूजमधून. ८५ वरून वायर थर्मो स्विचला, म्हणजे इंजिन तापलं की आपोआप जोडणाऱ्या स्विचला. एका पिनचा स्विच इंजिनच्या धातूतूनच अर्थ घेतो, म्हणून त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. स्विच किती अंशाचा? थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ ला उघडत असेल तर ९० च्या पुढचा. त्याहून कमी घेतलात तर फॅन सुटणारच नाही आणि डिझेल वाया जाईल.

८५ वरूनच आणखी एक वायर डॅशबोर्डवरच्या साध्या बटणाला आणि तिथून अर्थला न्या. थर्मो स्विच दगा दिला तर घाटात हेच बटण दाबायचं. रिलेच्या कॉइलचा करंट अगदी थोडा असल्याने हलकं बटणही चालतं.

क्लचच्या कॉइलच्या दोन वायरींमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू प्लसला. करंट तुटताना उसळणारा व्होल्टेज तो गिळतो आणि रिलेचे पॉइंट लवकर जळत नाहीत. उलटा लावलात तर फ्यूज लगेच उडेल. वायरी स्लीव्हमध्ये घालून बेल्ट आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

आता बॅटरी जोडा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, बटण दाबा. पुढून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला म्हणून लगेच बॉनेट लावू नका. बटण दाबलेलंच ठेवून कॉइलची अर्थ वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्या.