मोबाईलच्या शूटिंगमध्ये आवाज मागेपुढे होतो: माझा अनुभव

सांगलीतल्या लग्नाचं तासाभराचं मोबाईल शूटिंग. प्लेअरमध्ये ठीक, पण एडिटिंगला घेतलं की मंगलाष्टकांपर्यंत जुळतं आणि पुढे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. ऑडिओ ट्रॅक सरकवून पाहिला: सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो. वैताग नुसता!

फरक वाढत जातो, म्हणजे कारण बहुधा व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या चित्रांची (फ्रेमची) संख्या बदलत राहणं. प्रकाश कमी झाला की मोबाईल फ्रेम कमी घेतो, काही एडिटर मात्र ठरावीक वेग धरून चालतात. मीडियाइन्फो या फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रेम रेट मोड' समोर 'व्हेरिएबल' दिसलं की खात्री.

उपाय हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये, एडिटिंगच्या आधी. मूळ फाईल उघडा, फॉरमॅट एमपी४ ठेवा. डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग 'नन' करा, नाहीतर अंधाऱ्या दृश्यांच्या कडा कापल्या जाऊ शकतात. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४, फ्रेमरेट ३०, आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'. सगळी मेख इथेच आहे. 'सेम ॲज सोर्स' ठेवू नका. शूटिंग ३० चं असताना २५ निवडलं तर वरात अडखळत चालते. क्वालिटी आरएफ १८ (हा दर्जाचा आकडा, लहान म्हणजे चांगला). फाईल फुगते, फुगू द्या. ऑडिओला पासथ्रू (मूळ आवाज जसाच्या तसा) नको, एएसी फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ. मग स्टार्ट.

एडिटरमधला प्रोजेक्टही ३० वरच ठेवा. मूळ फाईल मात्र लगेच पुसू नका.